अलिबाग की सावंतवाडी? चित्रं, जेवण, मालिश आणि खरेदी एकाच शनिवार-रविवारात बसवायची तर

दोन दिवस कोकणात जायचं, थोडी कला बघायची, पोटभर मासे खायचे, अंगाला तेल लावून घ्यायचं आणि येताना पिशव्या भरून आणायच्या, असा बेत असेल तर निवड मुख्यतः दोन ठिकाणांत होते: अलिबागचा मांडवा–किहीम पट्टा किंवा सावंतवाडी–कुडाळ–मालवण. रत्नागिरीत थिबा राजवाडा बघण्यासारखा आहे, पण या चारही गोष्टी तिथे जमवायला गेलं की ओढाताण होते, म्हणून ती बाजूला ठेवलीय. चारातली कुठली एक गोष्ट थोडी कमी-जास्त झालेली चालेल, ते आधी घरात ठरवा. मालिश कमी पडली तर चालणार असेल तर सावंतवाडी. कला आणि खरेदीत तडजोड चालणार असेल तर अलिबाग.

पोचायचं कसं

मुंबईकरांना अलिबाग घराच्या अंगणात आहे. गेटवेहून मांडव्याला बोट साधारण तासाभरात जाते, आणि तिकिटात बहुतेक वेळा पुढे अलिबागपर्यंतची बसही धरलेली असते. गाडी न्यायची तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. अडचण येते ती उतरल्यावर. किहीम, झिराड, चोंढी, आवास ही गावं विखुरलेली आहेत, आणि रिक्षावाला नेऊन सोडतो पण परत न्यायला थांबत नाही. गाडी नसेल तर दिवसाची रिक्षा सकाळीच ठरवून घ्या. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. रो-रो चालते, पण हवा बिघडली की तीही रद्द होते. रविवारी संध्याकाळी मांडव्याला जी झुंबड उडते, तिच्यात परतीचं तिकीट शोधायची वेळ येऊ देऊ नका. पुणेकरांना बोटीचा उपयोग नाही, खोपोली–पेण मार्गे गाडीच बरी.

सावंतवाडी लांब वाटते, पण गणित वेगळं आहे. शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडली की शनिवारी सकाळी कुडाळला उतरता येतं. रविवारी संध्याकाळी तीच गाडी परत घेतली की सोमवारी पहाटे मुंबई. म्हणजे पूर्ण दोन दिवस हाताशी आणि हॉटेलची एकच रात्र. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. मे महिना, शिमगा आणि गणपतीत ते मिनिटांत संपतं, तेव्हा त्या आठवड्यांचा नाद सोडा. वंदे भारतने जायचं तर ती कणकवलीला थांबते, कुडाळ-सावंतवाडीला नाही. सावंतवाडी रोड स्टेशनही गावापासून सात-आठ किलोमीटरवर आहे, म्हणून गाडी आधी सांगून ठेवावी. पुणे-कोल्हापूरकडून आंबोली घाटाने उतरायचं. पावसाळ्यात घाटात धुकं दाटतं, अंधार पडायच्या आत खाली उतरलेलं बरं.

कला

इथे सावंतवाडी सरळ पुढे आहे. राजवाड्यात गंजिफा रंगवताना समोर बसून बघता येतो. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात 120 पानं असतात: दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो आधी खेळतो, रात्री मांडला तर कृष्णाचा! ही कला मोडकळीला आली असताना राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले जुन्या चिताऱ्यांकडून स्वतः शिकल्या आणि त्यांनी ती पुन्हा उभी केली.

संच घ्यायचा विचार असेल तर एकाच रंगाची दोन पानं शेजारी धरा. हातकाम असेल तर दोन माशांची शेपटी किंवा दोन शंखांचं वळण तंतोतंत जुळत नाही. जुळलं तर ती छपाई. कडेला बोट फिरवून रोगण सुटत नाही ना तेही बघा, कारण दमट हवेत पान आधी कडेकडून उकलतं. मोठा संच परवडत नसेल तर सुटी पानंही मिळतात.

कुडाळपासून तीनेक किलोमीटरवर पिंगुळी आहे. ठाकर समाजाची चित्रकथी (एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगायची), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या तिथे बघायला मिळतात. 2021 साली पद्मश्री मिळालेल्या परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबाने घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलंय. नुसतं जाऊन उभं राहिलात तर चित्रं दिसतील, खेळ दिसणार नाही. खेळाला माणसं आणि वाद्यं जमवावी लागतात, म्हणून दोन दिवस आधी फोन करा.

अलिबागची कला आजची आहे. मुंबईतून हललेली द गिल्ड ही गॅलरी रांजणपाड्याला आहे, आणि बामणसुऱ्याला दशरथ पटेल यांचं संग्रहालय आहे: चित्रं, छायाचित्रं, मातीची भांडी, सगळं एकाच माणसाच्या हातचं. दोन्हीकडे आधी विचारून जा. दोन प्रदर्शनांच्या मधल्या आठवड्यात गेलात तर रिकाम्या भिंती बघून परत यावं लागेल.

जेवण

मालवणात तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, कोंबडी-वडे, आणि सकाळी घावणे किंवा आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं. सुरमई थाळी सगळेच मागवतात. बांगडा स्वस्त असतो आणि ताजा मिळायची शक्यता जास्त. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्या काळात ताटातली सुरमई बहुधा बर्फातली.

अलिबागला मासे चांगले मिळतात, कॅफे आणि पाव-पिझ्झावाल्या जागाही भरपूर. पण डिसेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर पोपटी चुकवू नका. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ, तोंडाला परत पाला, आणि पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. जाळ घाईघाईने मोठा केला की बाहेरची शेंग करपते आणि आतलं चिकन कच्चं राहतं. आदल्या दिवशी सांगावं लागतं.

मालिश

इथे अलिबाग जिंकतं. मोठ्या रिसॉर्टांत व्यवस्थित स्पा आहेत. सिंधुदुर्गात आयुर्वेदिक केंद्रं आणि रिसॉर्टांतल्या छोट्या खोल्या आहेत, दर्जा जागेगणिक बदलतो. दोन्हीकडे चूक एकच होते: दुपारी वडे-कोंबडी आणि तीनला मालिश. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या, किंवा मालिश सकाळीच उरका. समुद्रावर भाजलेल्या पाठीवर तेल चोळून घेणं म्हणजे शिक्षाच, म्हणून मालिश आधी आणि पोहणं दुसऱ्या दिवशी. साठ मिनिटांच्या अभ्यंगाला आंघोळ धरून दीड तास जातो. शिरोधारा, म्हणजे कपाळावर तेलाची धार, घेतलीत तर केसांतलं तेल रात्रीपर्यंत निघत नाही, त्या संध्याकाळी बाहेर जेवायचा बेत नको. रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा, आणि दर कर धरून आहे का ते खोली घेतानाच विचारा.

खरेदी

अलिबागला चोंढी-झिराड भागात घर सजवायच्या वस्तू, सिरॅमिक, कपडे मिळतात. मुंबईच्या भावात, हे मनाशी धरून जा. रस्त्यावर उन्हाळ्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकलेल्या दिसतात, त्या मात्र घ्याच. घरी हवेशीर जागी टांगा, पिशवीत कोंबल्या तर कुजतात.

सावंतवाडीला चितारआळीत लाकडी फळं, भातुकली, पाट-चौरंग. ओलसर लाकडाचं खेळणं पुण्याच्या कोरड्या हवेत महिन्याभरात तडकतं, त्यामुळे हातात जड लागणारं फळ परत ठेवा. वेंगुर्ल्याकडचा काजू घेताना पाटीवरचा आकडा वाचा: डब्ल्यू 320 म्हणजे पौंडात 300 ते 320 गर, डब्ल्यू 240 म्हणजे 220 ते 240. शंका आली तर 100 ग्रॅम तोलून मोजा. 240 च्या मालात पन्नासच्या आसपास गर भरले पाहिजेत. सत्तर भरले तर भाव 240 चा आणि माल 320 चा.

कोकमाची बाटली घेताना ‘आगळ’ आणि ‘सरबत’ नीट बघून घ्या. आगळात मीठ असतं, सरबतात साखर. सरबताची सोलकढी होत नाही. आगळाच्या बाटलीचं झाकण गाडीत हमखास पाझरतं आणि कपड्यांवरचा तो डाग निघत नाही. तेव्हा बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून उभी ठेवा, काजू आणि गंजिफापासून लांब.