बोटीवरचा गिझर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या छोट्या बोटीवर बसवलेला २२ लिटरचा गिझर इंजिनच्या गरम कूलंटवरही (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावरही) चालतो आणि धक्क्याला लागल्यावर विजेवरही. पाणी तापवण्यात त्याने आजवर कुचराई केलेली नाही. मात्र दुसऱ्या महिन्यात त्याच्याखाली ओल दिसू लागली आणि टाकी गंजली अशी माझी खात्रीच पटली.

टिश्यू पेपर टिपून पाहिला तर त्याला कूलंटचा हिरवा रंग लागला नाही, म्हणजे गळणारे पाणी पिण्याच्या पाण्याच्या टाकीतलेच होते. (चव घेऊन पाहण्याच्या फंदात पडू नये, कूलंटमधले अँटिफ्रीझ विषारी असते.) मग नळ्यांच्या सगळ्या क्लिपा आवळल्या, त्यातली एक गरज नसताना इतकी की नळीच कापली गेली. खरा धागा दिला तो पाण्याचा दाब उतरला की आपोआप सुरू होणाऱ्या पंपाने. टाकीला भोक असते तर दाब उतरून पंप अधूनमधून आपोआप सुरू झाला असता. इथे पाणी तापत असताना थेंब पडत, पण पंप गप्प असे, आणि गिझर थंड झाल्यावरच तो क्षणभर घुरघुरे. म्हणजे गळतीच्या वेळी आतला दाब पंपाच्या दाबापेक्षा जास्त होता. टॉर्च धरून बसलो तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्हच्या (दाब फार वाढला की पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) तोंडाशी थेंब जमून सुटताना दिसला.

२० अंशांचे पाणी ८० अंशांपर्यंत तापले की सुमारे पावणेतीन टक्के फुगते. २२ लिटरमागे हे सहाशे मिलिलिटर होतात. थंड पाण्याच्या वाटेवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असल्याने या वाढलेल्या पाण्याला मागे जाता येत नव्हते. पंपाजवळ प्रेशर टाकी होती खरी, परंतु ती या व्हॉल्व्हच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला असल्यामुळे तिचा काडीचाही उपयोग नव्हता. शेवटी गिझर आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह यांच्यामध्ये दोन लिटरची एक्स्पान्शन टाकी (फुगलेले पाणी सामावून घेणारी, हवा भरलेली टाकी) जोडली आणि पंप बंद ठेवून, नळ उघडून, पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याहून किंचित कमी हवा तिच्यात भरली. सेफ्टी व्हॉल्व्हही बदलला, कारण सतत ठिबकून त्याच्या बैठकीवर क्षार साचले होते. तो बंद करून टाकण्याचा सल्ला मला एकाने दिला होता. तसे केल्यास टाकी फुटू शकते.

माझी तक्रार गिझरपेक्षा त्याच्या माहितीपुस्तिकेबद्दल आहे, कारण तिच्यात ही एक्स्पान्शन टाकी ‘ऐच्छिक’ म्हटली आहे. गेले सहा महिने बिल्ज, म्हणजे बोटीचा तळ, कोरडा आहे. सेफ्टी व्हॉल्व्हची नळी मी आता एका पारदर्शक बाटलीत सोडली असून, इंजिन बंद केल्यावर तिच्याकडे नजर टाकतो.