ओशिमाच्या 'इन द रेल्म ऑफ द सेन्सेस'ची ब्लू-रे: घ्यावी का?

क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीची ही डिस्क मागवायच्या आधी एक बघून घ्या बावा, ब्लू-रे डिस्क जगाच्या ठराविक भागापुरत्याच (रीजन) चालतात, ही रीजन ए ची आहे आणि भारत रीजन सी मध्ये येतो, साध्या प्लेअरवर लागणार नाही. आम्ही धरमपेठेत मित्राकडे मल्टीरीजन प्लेअरवर बघितली, त्याच्या घरचे लग्नाला गेले होते तेव्हा (काहून ते विचारू नका).

आता पिक्चर. घाण आहे घाण आहे म्हणून जे ओरडून राहिले त्यातल्या किती जणांनी शेवटपर्यंत पाहिला देव जाणे. 1936 साली टोकियोत आबे सादा नावाच्या बाईनं आपल्या प्रियकराचा गळा आवळला आणि त्याचं लिंग कापून सोबत घेऊन फिरली, ही खरी घडलेली गोष्ट. नागिसा ओशिमानं 1976 मध्ये त्यावर पिक्चर काढला, शूटिंग जपानात पण रिळं धुवायला फ्रान्सला, कारण जपानातच धुतली असती तर कायद्यानं अडकलीच असती. मग स्क्रिप्ट आणि फोटोंच्या पुस्तकावरून खटला भरला, त्यातून 1982 ला तो कायमचा सुटला. आपले लेखक चंद्रकांत काकोडकर 'रंभा' दिवाळी अंकातल्या कथेपायी थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते अन् 1969 ला सुटले, तेव्हा जपान्यांना हसायचं काम नाही.

सगळं खरंखुरं, उघडं दाखवलंय, पण चेकाळायला म्हणून कोणी लावला तर अर्ध्या तासात जीव गुदमरतो. दोघं बंद खोलीत, बाहेरचं जग हळूहळू गायबच होतं. आणि मग तो एक सीन, किचिझो (म्हणजे तो प्रियकर) गल्लीतून खाली मान घालून भिंतीकडेनं चाललाय आणि समोरून सैनिकांची रांग येते, बाजूला लोक झेंडे हलवून राहिले, तो उलट्या दिशेनं निघून जातो, डायलॉग एक नाही. लढाईला निघालेल्या देशाकडे पाठ फिरवून हे दोघं खोलीत मरायला बसलेत हे तिथं कळतं, आणि हा सीन काढून टाकला तर मी पण म्हणीन की नुसताच ब्लू पिक्चर आहे. मधला भाग मात्र लांबलाय, तेच तेच होतं.

प्रिंट मस्त, लाल रंग तर विचारूच नका. किचिझो झालेल्या तात्सुया फुजीचा इंटरव्ह्यू नक्की बघा, समीक्षक टोनी रेन्सची कॉमेंट्री दुसऱ्यांदा बघताना लावा. मोबाईलवर कुठूनतरी कापलेली कॉपी उतरवून बघणार असाल तर राहू द्या.

पाचपैकी चार.