मुरमाड रानासाठी कलमी बोर की कलमी चिंच?

दुष्काळी पट्ट्यातील मुरमाड रानात डाळिंबाला पाणी पुरणार नाही हे एकदा मान्य केले, की निवड बहुधा कलमी बोर आणि कलमी चिंच यांवर येऊन थांबते. ही दोन्ही झाडे आपल्याकडे बांधावर पिढ्यानपिढ्या राखली गेली. चिंचेचे मूळ आफ्रिकेत मानले जात असले तरी मराठवाड्याच्या मातीला ती केव्हाच परकी राहिलेली नाही. 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना आली आणि बांधावरची ही झाडे ओळीत, आखलेल्या अंतरावर लागू लागली. आमच्या रानात दोन्हींचे तुकडे शेजारीशेजारी आहेत. पुढील मते मोजमापातून नव्हे, तर त्या वावरातून बनलेली आहेत.

लवकर उत्पन्न हवे असेल तर बोर निश्चित सरस आहे. खड्ड्यात गावठी बोराचे बी लावून त्यावर जागेवरच उमराण किंवा कडाका या जातींचा डोळा भरला, म्हणजे कळी बसवून कलम केले, तर सोटमूळ न दुखावता खोल जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळे दिसू लागतात. भर उन्हाळ्यात झाड पाने गाळून विश्रांती घेते, त्यामुळे विहीर आटलेली असतानाही ते तग धरते. फळ नव्या फुटीवर येत असल्याने एप्रिल-मेमधील छाटणी मात्र चुकवता येत नाही, आणि हिवाळ्यात भुरी या बुरशीजन्य रोगावर लक्ष ठेवावे लागते.

माझे मन बोरावरून उतरले ते तोडणीमुळे. एका झाडावरची बोरे एकदम तयार होत नाहीत. रंग बदललेली तेवढीच निवडायला, काट्यांतून हात घालत, दर काही दिवसांनी त्याच झाडाकडे परत यावे लागते. हा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा, म्हणजे नेमका तुरीची काढणी, कापसाची वेचणी आणि कांद्याची लागण एकत्र चालू असतानाचा. मजूर स्त्रिया तेव्हा कांद्याकडे जातात आणि ते योग्यच आहे, कारण तेथे हात ओरबाडत नाहीत आणि उक्त्या कामाचे पैसेही बरे मिळतात. बोर मात्र थांबत नाही. थोडा उशीर झाला की सोनेरी फळे तांबूस, मऊ होऊन गळतात, आणि त्यांतील अळ्या मातीत उतरून पुढची फळमाशी तयार करतात. बाजारात नेलेला माल पडेल त्या भावाने देऊन यावा लागतो, कारण परत आणून ठेवण्यासारखा तो नसतो.

चिंचेची तोडणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, शेतातील इतर कामे ओसरल्यावर येते, आणि पिकलेली चिंच झाडावर काही आठवडे सहज टिकते. उंच झाडावर चढणे जोखमीचे असते, त्यासाठी सरावलेलीच माणसे लागतात, हे खरे. परंतु त्यानंतरचे काम सावलीत बसून होते: टरफल काढणे, शिरा सोडवणे, चिंचोके वेगळे करणे. ज्या महिन्यांत गावात दुसरी मजुरी नसते त्याच महिन्यांत बायकांना हे काम मिळते, आणि माझ्या दृष्टीने चिंचेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. चिंचोकेही वाया जात नाहीत. त्यांच्या पिठाची खळ कापडधंद्यात वापरली जाते. फोडलेली चिंच नीट वाळवून ठेवली, तर बार्शीचा किंवा अहिल्यानगरचा भाव पाहून विकता येते. झाड उभ्यानेच व्यापाऱ्याला उक्ते देऊ नये असे मला वाटते, कारण मग चिंच फोडण्याची मजुरी आणि भावाची वाढ दोन्ही हातची जातात.

थांबण्याची तयारी मात्र हवी. कलमालाही फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात, भरघोस उत्पन्न त्यानंतर बऱ्याच काळाने येते, आणि एखादे वर्ष झाड जवळजवळ रिकामेही जाते. दहा मीटर अंतराने एकरी 40 झाडे बसतात; सावली दाटेपर्यंत मधल्या जागेत मटकी, हुलगा घेता येतो. ज्यांची जमीन थोडी आहे, शहर जवळ आहे आणि तोडणीला घरचीच माणसे आहेत, त्यांना मी बोरापासून परावृत्त करणार नाही. इतरांनी, विशेषतः मजुरांवर अवलंबून असणाऱ्यांनी, चिंचेचा विचार आधी करावा, आणि करताना बियांपासूनची रोपे न घेता प्रतिष्ठानसारख्या निवडक वाणाची खात्रीची कलमेच आणावीत. बियांच्या रोपाला फळ फार उशिरा येते आणि ते कसे निघेल हे तोपर्यंत समजत नाही.