मदरबोर्ड तोच ठेवून २०१९ चा गेमिंग पीसी अपग्रेड केला : ९ महिन्यांनंतरचा अनुभव

२०१९ च्या गणपतीत पीसी बांधला होता. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची हार्डडिस्क आणि कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). त्या वेळी मस्त चालायचा, पण गेल्या वर्षी अशी अवस्था आली की सायबरपंक हा गेम सगळी सेटिंग लो करूनही ३० एफपीएसच्या (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) आसपास अडकायचा, काही नवीन गेम तर सुरूच होत नव्हते कारण त्यांना रे ट्रेसिंगचं (खऱ्यासारखा प्रकाश आणि सावल्या दाखवण्याचं) हार्डवेअर लागतं आणि १०५० टीआयमध्ये ते नाहीच. आणि दिवसा हाच पीसी माझी धाकटी बहीण कॉलेजच्या ऑटोकॅडसाठी वापरते, तिचं ड्रॉइंग उघडलं आणि क्रोमचे दहा टॅब असले की माउसच थांबायचा.

बाबा म्हणाले नवीनच घे की. पण नवीन म्हणजे ६०-७० हजार, आणि माझ्या हातात होते २५. त्यातच करायचं ठरवलं, आणि हे करता आलं त्याचं कारण फक्त एक, एएम४ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा. एएमडीने २०१८ च्या बोर्डवर २०२२ चा प्रोसेसर चालू दिला, म्हणून बोर्ड आणि कॅबिनेट हे सगळं तसंच राहिलं. तुमच्याकडे बी४५० असेल तर टाकून देऊ नका, हे अगदी मनापासून सांगतोय.

मी सगळं एकदम नाही घेतलं, पगार होईल तसं जानेवारी ते मार्च असं तीन टप्प्यात घेतलं, त्यामुळे कशाने किती फरक पडला ते वेगवेगळं बघता आलं.

जानेवारीत ग्राफिक्स कार्ड. आफ्टरबर्नर (कार्ड किती वापरलं जातंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं तर जीपीयू, म्हणजे कार्डची चिप, कायम ९९ टक्के आणि कार्डची ४ जीबी मेमरी (व्हीरॅम) फुल, प्रोसेसर मात्र निम्माच वापरला जात होता, म्हणजे अडत होतं ते कार्डपाशी. सेकंडहँड आरएक्स ६६०० घ्यायचं ठरवलं, ८ जीबी, १३२ वॉट. डोंबिवलीहून दादर, तिथून वेस्टर्न पकडून ग्रँट रोड, आणि कॉम्प्युटर पार्टच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला अख्खा शनिवार घालवला. एका दुकानात कार्ड दाखवलं, सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी, बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा. लावून दाखवा म्हटलं तर दहा मिनिटांत पंखा खरखरायला लागला, आणि दुकानदार म्हणे नंतर सेट होतो. पंख्याचं बेअरिंग गेलं की ते सेट वगैरे काही होत नाही, खडखड वाढतच जाते. तिथून निघालो.

शेवटी ठाण्यातल्या एका मुलाकडून घेतलं १२,५०० ला, मूळ बिल आणि सात महिने वॉरंटी शिल्लक. त्याच्या घरी जाऊन त्याच्याच पीसीवर वीस मिनिटं फरमार्क (कार्डवर पूर्ण ताण देणारी टेस्ट) चालवलं, हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरचा सगळ्यात गरम भाग, ८४ डिग्रीच्या वर गेला नाही, सिरीयल नंबर बिलाशी जुळवला. हे कराच. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम या क्रिप्टोचं मायनिंग चालू होतं आणि ही कार्डं त्यात भरपूर वापरली गेलीत. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही, पण पंखे आणि थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरपर्यंत नेणारी पेस्ट) दोन्ही दमलेले असू शकतात.

आता एसएमपीएस. १०५० टीआयला वेगळी पॉवर केबल लागतच नव्हती, ६६०० ला ८ पिन लागते आणि माझ्या जुन्या एसएमपीएसला ती नव्हतीच. एका दुकानात दीडशे रुपयांचा मोलेक्स कन्व्हर्टर (जुन्या ४ पिनच्या केबलला जोडायचा) लाव म्हणाले. ८ पिनमधून १५० वॉटपर्यंत पॉवर जाऊ शकते, ती त्या पातळ वायरींवर, तीही कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसमधून, नको रे बाबा. ३,९०० ला ५५० वॉटचा ब्रॉन्झ रेटिंगचा एसएमपीएस घेतला. या पैशाने एकही एफपीएस वाढत नाही म्हणून लोक तो टाळतात, पण पावसाळ्यात आमच्याकडे दिवसातून चार वेळा लाईट जाऊन येते, बाकी सगळं वाचवायचं काम तोच करतो.

कार्ड लावल्यावर सायबरपंक मीडियम-हाय मिक्समध्ये ६० च्या वर गेला. पहिल्या रात्री दोन वाजेपर्यंत खेळलो. पण दोन-तीन दिवसांत लक्षात आलं की आकडा ६० दाखवतो आणि तरी मधेच गचका बसतो, गर्दीच्या रस्त्यावर गाडी वळवली की हमखास. बघितलं तर तिथे जीपीयू ६०-६५ टक्क्यांवर येत होता, म्हणजे आता कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलं होतं. सरासरी एफपीएस सगळे सांगतात, पण हाताला जाणवतो तो १ टक्का लो (सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा एफपीएस), आणि तो माझा २५-३० वरच होता.

फेब्रुवारीत रॅम, ८-८ जीबीच्या दोन स्टिक ३२०० स्पीडच्या, ३,१०० ला, आणि ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी २,९०० ला. खरं सांगतो, रॅमच आधी घ्यायला हवी होती. जुनी एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनल (प्रोसेसर आणि रॅममध्ये एकच वाट), रायझनला ते फार जाचतं. पण लावल्यावर पंधरा दिवस मला फारसा फरक वाटला नाही, सहज टास्क मॅनेजर उघडला तर स्पीड २१३३! बायोसमध्ये (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण स्पीड देणारं सेटिंग, चालूच केलं नव्हतं. चालू केलं तर ३२०० ला पीसी उठेना, कारण २६०० अधिकृतपणे २९३३ पर्यंतच घेतो, मग २९३३ ला ठेवली. गचके निम्म्याने कमी झाले. बहिणीचं ऑटोकॅड त्या दिवसापासून एकदाही अडकलं नाही, आणि विंडोज एनव्हीएमईवर नवीन टाकल्यामुळे पीसी चहाचं पाणी ठेवून परत येईपर्यंत चालू होऊन बसलेला असतो, आधी चहा पिऊन व्हायचा.

मार्चमध्ये रायझन ५ ५६००, ९,८०० ला नवीन. इथे सगळ्यात जास्त टेन्शन होतं. आधी जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करावं लागतं, आणि माझ्या बोर्डला ते थेट होत नव्हतं, आधी मधलं एक व्हर्जन आणि मग शेवटचं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून घेतला. बायोस फ्लॅश (अपडेट) होताना लाईट गेली तर बोर्ड गेलाच म्हणून पीसी इन्व्हर्टरच्या प्लगला लावला आणि बाबा पूर्ण वेळ इन्व्हर्टरजवळ खुर्ची टाकून बसले. दोन्ही मिळून आठ-नऊ मिनिटं लागली असतील.

मग कूलर काढला. चारही स्क्रू सोडले, वर ओढला, आणि कूलरसोबत प्रोसेसरच उपटून आला. सॉकेटची कडी लावलेलीच होती. सहा वर्षांची थर्मल पेस्ट वाळून अगदी सिमेंट झाली होती. उलटा करून बघितला तर १,३३१ पिनांपैकी कोपऱ्यातल्या तीन वाकलेल्या. पोटात गोळा आला. बहिणीने मोबाईलचा टॉर्च धरला, तिच्याच ०.५ च्या पेन्सिलमधलं शिसं काढून टाकलं आणि तिचं रिकामं टोक पिनवर सरकवून एकेक पिन हळूहळू उभी केली. तिसरी पिन दोनदा करावी लागली. ती सारखी "दादा, जोर नको लावूस" म्हणत होती. परत सॉकेटमध्ये ठेवला, हलकेच खाली बसला, पीसी उठला, तेव्हा जीव भांड्यात पडला. तुम्ही करणार असाल तर आधी अर्धा तास गेम चालवा म्हणजे पेस्ट गरम होऊन मऊ पडते, आणि कूलर सरळ वर ओढू नका, डावीकडे-उजवीकडे फिरवत सैल करा.

नवीन प्रोसेसर टाकल्यावर पहिल्यांदा काळ्या स्क्रीनवर एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची जागा) रीसेट करायचं का असं विचारतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, मगच वाय दाबा. माझं बंद होतं. रॅम लगेच ३२०० ला चालली.

आणि गचके गेले. त्याच रस्त्यावर, त्याच वळणावर १ टक्का लो ५० च्या पुढे. कार्ड तेच, सरासरी थोडीच वाढली, पण गेम वेगळाच वाटायला लागला. बी४५० वर पीसीआयई (कार्ड जोडायचा स्लॉट) जुन्या ३.० पिढीचा आहे आणि ६६०० ला डेटाच्या आठच लेन आहेत म्हणून मला धास्ती होती, प्रत्यक्षात खेळताना कधी जाणवलं नाही.

हिशोब : एकूण ३२,२०० गेले. १०५० टीआय ४,५०० ला गेलं, जुनी रॅम ९०० ला, २६०० च्या पिना सरळ केल्यात हे आधीच सांगून ३,२०० ला विकला. म्हणजे खिशातून २३,६००.

मे महिन्यात मात्र त्रास झाला. खोलीतच ३४ डिग्री, सोबत आलेल्या कूलरवर प्रोसेसर गेम चालू असताना ८५ पर्यंत जायचा आणि पंखा घुमायचा. कार्डचं व्होल्टेज एएमडीच्या सॉफ्टवेअरमधून थोडं खाली आणलं, हॉटस्पॉट ८ डिग्री उतरला, एफपीएस तेवढेच. प्रोसेसरसाठी उरलेल्या १,४०० रुपयांत टॉवर कूलर घ्यावा म्हणतोय, दिवाळीच्या सेलवर लक्ष आहे. मॉनिटर अजून तोच ६० हर्ट्झचा आहे आणि सध्या मला पुरतोय. रे ट्रेसिंग चालू केलं तर ६६०० दमतं, ते मी बंदच ठेवतो, ज्या गेममध्ये ते बंद होत नाही ते लो सेटिंगवर चालतात.

कालच रात्री बहिणीने ऑटोकॅड बंद न करताच मला पीसी दिला, मी तसाच गेम लावला, आणि तासाभराने मिनिमाइज केलं तर तिचं ड्रॉइंग मागे तसंच उघडं होतं.