मॉड्युलर किचनच्या नावाखाली आमचे १,६०,००० रुपये गेले

आकडा आधीच सांगते, नंतर कुणी विचारायला नको. १,६०,००० रुपये. त्यातले ५,००० बुकिंगचे, ८७,५०० ओटा फोडायच्या दिवशी, ५५,५०० माल उतरला त्या संध्याकाळी आणि १२,००० "ग्रॅनाइटचा भाव वाढला" म्हणून. बुकिंग केलं त्याच महिन्यात गावात आलेल्या व्यापाऱ्याला आम्ही कापूस ६,९०० रुपये क्विंटलनं मोजून दिला होता. हिशेब करा. २३ क्विंटलांच्या वर कापूस त्या सैपाकघरात गेला. आणि सिंकखालची दोन्ही कपाटं आज उखडून गोठ्यामागं टाकलेली आहेत.

लिहायची लाज वाटते. गावच्या बचत गटाचे हिशेब नऊ वर्षांपासून माझ्याकडे आहेत, दहा रुपयांचा फरक निघाला तरी मी रात्री वही घेऊन बसते. तरी लिहिते, कारण हे किचन विकणाऱ्यांचं आमच्या तालुक्यात काम झालं आहे आणि ते आता पुढच्या तालुक्यात मंडप टाकून बसले असतील.

आमचं गाव यवतमाळ आणि वाशीमच्या सीमेवर. कुणी म्हणेल, हौस नडली. हौस नव्हती. जुना कडप्प्याचा ओटा मधोमध तडकला होता, पाणी झिरपून मागची भिंत पोपडे धरत होती, खाली उंदीर. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना वाकून खालचा डबा काढता येत नाही. ओढता येणारी ट्रॉली असली तर म्हातारीला उभ्यानं गंज-डबे घेता येतील, एवढाच विचार होता. जानेवारी २०२५ मध्ये कापसाचे पैसे हातात आले आणि तेव्हाच तालुक्याला मंगल कार्यालयात तीन दिवसांचं "प्रदर्शन" लागलं.

तिथं कसं बोलतात ते तुम्हाला माहीतच आहे. फॅक्टरी रेट, आजच्या आज बुकिंग, उद्या भाव वेगळा. मी त्याला भुलले नाही. भुलले ते दोन गोष्टींना. एक, काचेच्या बरणीत पाण्यात बुडवून ठेवलेला प्लायचा तुकडा. "ताई, पंधरा दिवस झाले, बघा फुगला का?" खरंच फुगला नव्हता. दुसरी, लोहचुंबक. ट्रॉलीच्या जाळीला चुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही. "चिकटत नाही म्हणजे ३०४ स्टील, आयुष्यभर गंजणार नाही." आता मला कळलं आहे, ते तुम्हीही लक्षात ठेवा : स्वस्तातलं २०२ स्टीलसुद्धा चुंबकाला सहसा चिकटत नाही. चुंबकानं ३०४ ची खात्री होतच नाही. आमच्या जाळ्यांवर चार महिन्यांत तांबूस ठिपके आले.

कोटेशन १,८५,००० चं. कागदावर लिहिलं होतं, "१८ मिमी वॉटरप्रूफ". बस्स. ना कंपनीचं नाव, ना ग्रेड. सिंकजवळच्या कामाला बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा प्लाय लागतो, त्याच्या पाट्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ७१० असा आकडा छापलेला असतो. हे मला कोण सांगणार होतं? "वॉटरप्रूफ" या शब्दाला कागदावर काही किंमत नाही. आयएस ७१० लिहून घ्या, नाही लिहिलं तर उठून या.

बिलाचं विचारलं होतं मी. शपथेवर सांगते, विचारलं होतं. तो म्हणाला, "जीएसटीचं बिल लावलं तर १८ टक्के वाढतील ताई, ३३,३०० रुपये. तुमचे कष्टाचे पैसे, कशाला सरकारला देता?" यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. ३३,३०० म्हणजे आमच्यासाठी छोटी रक्कम नाही. आम्ही कच्च्या पावतीवर तयार झालो. चूक आमची, मान्य. पण हीच चूक पुढं प्रत्येक टेबलावर आमच्या तोंडावर फेकली गेली.

काम ३ फेब्रुवारीला सुरू झालं. पहिल्याच दिवशी चार माणसं आली, घण घातला आणि दुपारपर्यंत ओटा, सिंक, नळ, मांडणी, सगळं फोडून अंगणात टाकलं. ही त्यांची पद्धत आहे, हे नंतर दुसऱ्या गावच्या दोन बायांकडून कळलं. आधी चूल मोडायची. घरात ओटा नाही, नळ नाही, मग तुम्ही त्यांच्या प्रत्येक मागणीला "बरं" म्हणता. सगळा माल अंगणात उतरून, मोजून, तपासून झाल्याशिवाय जुन्याला हातोडी लावू देऊ नका.

बारा दिवसांत देतो म्हणाले होते, एक्केचाळीस दिवस लागले. मुलगी दहावीला, २१ फेब्रुवारीपासून तिचे पेपर. शेगडी सपरीत, वाऱ्यानं जाळ विझतो म्हणून खाटेला साडी बांधून आडोसा केलेला. भांडी न्हाणीत. कणकेच्या डब्यात सिमेंटची धूळ, भाकरीत कचकच. लेक अभ्यासाला जाऊबाईंच्या घरी. त्यात या चार माणसांचा तीन वेळचा चहा मीच करत होते.

आता ती वेळ सांगते, जी मला झोपू देत नाही.

१९ फेब्रुवारीला माल आला. पाटे आधीच कापलेले, चारही कडांना पांढरी पट्टी चिकटवलेली, त्यामुळं आत काय आहे ते दिसत नव्हतं. पाइपासाठी एका पाट्याला भोक पाडायचं होतं. अंगणात दोन विटांवर पाटा ठेवून त्या पोरानं मशीन लावलं. प्लाय कापला की चिपाटं निघतात, कापल्या कडेला पोळीच्या पदरांसारखे थर दिसतात. इथं खाली पडला तो नुसता भुसा, पिवळसर, आणि मधे चुरा होणारे ढेकूळ. सासूबाई बाजेवर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी एक ढेकूळ उचललं, दोन बोटांत चुरलं, नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "कावं बाई, हे तं ढेपीवानी दिसून राह्यलं. ढेप पाण्यात टाकली का फुगते."

चाळीस वर्षं त्या माउलीनं बैलांना सरकीची ढेप भिजवून घातली. तिला बोटाला कळलं. त्यांचा सुपरवायझर म्हणाला, "आजी, याला इंजिनिअर्ड वूड म्हणतात, मुंबईला सगळीकडे हेच असते." आणि मी काय केलं? चार परक्या माणसांसमोर सासूबाईंना म्हणाले, "आई, तुम्हाला यातलं कळत नाही, राहू द्या." त्या गप्प झाल्या, पुन्हा तूर निवडू लागल्या. त्याच संध्याकाळी मी कपाटातून काढून ५५,५०० रुपये रोख त्याच्या हातावर ठेवले.

लेकीचा पेपर दोन दिवसांवर होता. घर धुळीनं भरलेलं. तुमच्यापैकी कुणी त्या क्षणी काम थांबवलं असतं? मी स्वतःला रोज हेच विचारते. थांबवायला हवं होतं. भोक पाडलेली कड एकदा हातात घेऊन पाहिली असती, तर ५५,५०० आणि पुढचे १२,००० वाचले असते.

१५ मार्चला ते गेले. उरलेले ३७,००० त्यांनी मागितलेच नाहीत. "किरकोळ काम बाकी आहे, ते झाल्यावर द्या." मला वाटलं, किती प्रामाणिक लोक. हे पण लक्षात घ्या. जो शेवटचा हप्ता सोडून जातो, त्याला परत यायचं नसतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सिंकखालून वास येऊ लागला. पाइप नुसता खोचलेला होता, सिंकच्या कडेला सिलिकॉनची रेघसुद्धा नव्हती. पाट्याचा खालचा भाग दीडपट फुगला, वरचा कागद पोळीवानी सुटून आला, बिजागरीचे स्क्रू बोटानं निघाले. मी बोट दाबलं तर आत गेलं. भिजलेली ढेप. दहा वर्षांच्या वॉरंटी कार्डावरचा नंबर आधी वाजत होता, मग कट व्हायचा, २४ जूनपासून बंद.

कार्डावर नागपूरचा पत्ता होता. हे एसटीनं जाऊन आले. तिथं मोबाइल दुरुस्तीचं बंद दुकान. शेजारच्यानं सांगितलं, तुम्ही तिसरे.

मग सुरू झाली खरी परवड. २६ जूनला आम्ही ठाण्यात गेलो. अडतीस किलोमीटर, पावसात, हातात फुगलेला तुकडा थैलीत. साहेब म्हणाले, "ताई, त्यानं काम तर केलं ना? हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, वॉटरप्रूफ प्लाय सांगून भुश्याचा पाटा दिला, खोटा पत्ता दिला, ही फसवणूक नाही तर काय आहे? "पक्कं बिल आहे का?" नाही. "मग कसं सिद्ध करता?" दुसऱ्यांदा गेलो तर ते साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा गेलो तर अर्ज घेतला, पण पोच द्यायला नकार. "इथं ठेवून जा, बघू." काय बघणार होते? त्या अर्जावर पाण्याचा पेला ठेवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

८७,५०० यूपीआयनं गेले होते, एका माणसाच्या खाजगी खात्यावर. बँकेत गेलो. पैसे तुम्ही स्वतः पाठवले, परत होत नाहीत. बरं, निदान त्या खात्याचा पत्ता द्या. पोलिसांचं पत्र आणा. ठाण्यात गेलो, पत्र द्या. गुन्हा दाखल नाही तर पत्र कसं देऊ? गुन्हा दाखल करा. आरोपीचा पत्ता आणा. या चक्रात आमचे पाच दिवस, खुरपणीची मजुरी आणि १,४०० रुपये एसटीचे गेले. ज्याचा पत्ता शोधणं पोलिसांचं काम आहे, त्याचा पत्ता मी शोधून आणायचा? खोटा पत्ता देऊन पळालेल्या माणसाचा? आणि तो नवा अंमलदार तर म्हणतो, "एवढं महागाचं किचन गावात कशाला करायचं?" मी त्या टेबलासमोर उभी होते, माझ्याहून लहान पोराकडून हे ऐकत. गावातल्या बाईनं चुलीपुढंच बसावं, असं कुठल्या कायद्यात लिहिलं आहे?

एका वकील भावांनी फुकट सल्ला दिला, त्यांचे उपकार. तो तुम्हालाही देते. ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तक्रार लेखी स्वरूपात टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. हे कलम मी तोंडपाठ म्हटलं, तेव्हा कुठं मला बसायला खुर्ची मिळाली.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार ऑगस्टमध्ये केली. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथं शुल्क लागत नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची. वाट पाहत बसू नका, आम्ही "आज येतो, उद्या येतो" या फोनांवर दहा दिवस घालवले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला तर मराठीत बोलता येतं. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि मोबाइलवरचे संदेश कामाला येतात, पण ते पुरावा म्हणून लावताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे मोबाइलमधला पुरावा खरा असल्याचं प्रमाणपत्र सोबत द्यावं लागतं. म्हणून मोबाइल बदलू नका, संदेश पुसू नका. माझ्या लेकीनं जागा होत नाही म्हणून त्यांचे दोन ऑडिओ पुसून टाकले होते, त्यात "बीडब्ल्यूपीच वापरतो" असं तो स्वतः बोलला होता. पोरीला काय बोलणार?

रोख देऊ नका. दिलीच तर जागेवर सही घ्या. ५५,५०० चा माझ्याकडे कागद नाही, आयोगात त्याचं काय होईल माहीत नाही. जीएसटी नंबर असेल तर सरकारी पोर्टलवर टाकून पाहा, फुकट दिसतं कुणाच्या नावावर आहे. आणि गावच्या मिस्त्रीला कमी लेखू नका. शेवटी त्यानंच विटांचे उभे आधार घेऊन कडप्प्याच्या फळ्या बसवल्या, सिंकचा जोड नीट केला. २३,८०० रुपये, पैसे टप्प्याटप्प्यानं घेतले, पाऊस गेला तरी थेंब नाही. ट्रॉली नाही, सासूबाई अजून वाकूनच डबा काढतात.

आयोगानं पाठवलेली पहिली नोटीस परत आली, पत्त्यावर कुणी नाही म्हणून. आता यूपीआयच्या नावावरून पुन्हा पाठवायची आहे. फुगलेल्या पाट्याचा एक तुकडा आणि त्या दिवशीचा थोडा भुसा मी प्लास्टिकच्या थैलीत बांधून, वर तारीख लिहून ठेवला आहे. भुसा सासूबाईंनी त्या दिवशीच झाडून चुलीसाठी डब्यात भरून ठेवला होता, म्हणून मिळाला. पुढच्या तारखेला त्या माझ्यासोबत येणार आहेत. गुडघ्यांनी एसटीची पायरी चढवत नाही, तरी येतो म्हणतात.