घराणं की एकटा हिरो? चिनी कल्टिव्हेशन कादंबऱ्या

चिनी कल्टिव्हेशन वेब नॉव्हेल, म्हणजे साधना करून शक्ती आणि आयुष्य वाढवत नेणाऱ्या माणसांच्या इंटरनेटवरच्या कादंबऱ्या, वाचणाऱ्यांनी एकट्या हिरोवाल्या तर वाचल्याच असतील, पण मला विचाराल तर घराणं उभं करणाऱ्याच जास्त जीव लावतात. एकट्या हिरोच्या गोष्टीत वेग असतो, ची म्हणजे प्राणशक्ती गोळा केली, फाउंडेशन झालं, गोल्डन कोअर जमला, अशा साधनेच्या पायऱ्या चढला की निघाला पुढच्या मुलखात, आणि मागे राहिलेली माणसं परत दिसतच नाहीत बऱ्याचदा. घराण्यात तसं चालत नाही. नातवाची स्पिरिट रूट, म्हणजे साधनेची जन्मजात क्षमता, तपासायची वेळ येते, सगळे तपासणीच्या दगडाकडे बघत श्वास रोखून उभे, आणि काहीच उजळत नाही... मग ते पोर साध्या माणसासारखं म्हातारं होऊन जातं आणि आजोबा अजून तसेच. हे दुःख दुसरीकडे मिळत नाही!

त्रास पण आहे. एका पिढीतल्या भावंडांच्या नावात एक अक्षर सारखं ठेवायची चिनी पद्धत, त्यामुळे तिसऱ्या पिढीपर्यंत कोण कोणाचा काका तेच कळेना, वर मशीन ट्रान्सलेशन असेल तर बघायलाच नको. शिवाय स्पिरिट राईसची (शक्ती देणाऱ्या जादुई तांदळाची) शेती, खाणी, देणीघेणी यांचे हिशोब पानंच्या पानं. रात्रभर पळवत नेणारं काही हवं असेल तर एकट्या हिरोचीच घ्या, घराण्याची सावकाश, रोज थोडी थोडी.