एनआयएच की ईआरसी: अर्ज कोण वाचतं, आणि नकार किती महागात पडतो?

पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) संपत आलेला, स्वतःची लॅब काढू पाहणारा संशोधक ग्रँटची रक्कम आधी बघतो. ईआरसीची (युरोपियन रिसर्च कौन्सिल) नव्या संशोधकांसाठीची स्टार्टिंग ग्रँट पाच वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत, त्यामुळे अमेरिका की युरोप हा प्रश्न पैशापाशीच अडतो. मी आधी नकाराची किंमत बघेन.

एनआयएचची (अमेरिकेची नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ) आर०१ ही नेहमीची संशोधन ग्रँट घ्या. अर्ज स्टडी सेक्शनकडे, म्हणजे परीक्षक शास्त्रज्ञांच्या गटाकडे जातो, पण तो बारकाईने वाचतात साधारण तिघेच. गुण १ ते ९, आणि १ म्हणजे सर्वोत्तम. आपल्याकडच्या मार्कशीटच्या नेमकं उलट. प्राथमिक गुणांवरून तळाचे जवळजवळ निम्मे अर्ज चर्चेलाच येत नाहीत. बाकीच्यांवर बोलणं होतं, सगळे सदस्य गुप्तपणे गुण देतात आणि सरासरीला १० ने गुणतात. तुम्ही तिथे नसता, त्यामुळे त्या तिघांपैकी एकाने तरी तुमची बाजू उचलून धरायला हवी. पुढे सल्लागार परिषद आणि संस्थेचे संचालक आहेतच, म्हणजे चांगले गुण पडले की पैसे मिळालेच असं नाही.

पण चर्चा न झालेल्या अर्जालाही लेखी शेरे मिळतात. ३७ महिन्यांच्या आत तो एकदा सुधारून देता येतो, सोबत आक्षेपांना एका पानाचं उत्तर. तोही पडला, तर तीच कल्पना नवा अर्ज म्हणून पाठवायला आडकाठी नाही.

ईआरसीत निकष एकच, वैज्ञानिक उत्कृष्टता. पहिल्या टप्प्यात पॅनेल, म्हणजे परीक्षक मंडळ, पाच पानी सारांश आणि सीव्ही बघतं. हे लोक तुमच्या नेमक्या विषयातले असतीलच असं नाही; बाहेरचे तज्ज्ञ दुसऱ्या टप्प्यात येतात. मग मुलाखत, म्हणजे इथे स्वतः बोलता येतं. मात्र पहिल्याच टप्प्यात बी किंवा सी श्रेणी मिळाली तर पुढच्या फेरीत अर्ज करता येत नाही, सी असेल तर बंदी आणखी लांबते. पीएचडीनंतरची पात्रतेची वर्षं तेवढ्यात सरत राहतात.

कल्पना अजून कच्ची आहे, प्राथमिक डेटा जमतोय, तर एनआयएच बरं. परक्या विषयातल्या माणसाला पाच पानांत पटवता येत असेल आणि समोरासमोर बोलणं जमत असेल, तर ईआरसी. नुसतं ‘बघू टाकून’ म्हणून तिथे अर्ज करू नका.

दोन्हीकडे वाचणारे कोण, हे थोडंफार तुमच्या हातात असतं. स्टडी सेक्शनच्या सदस्यांची यादी जाहीर असते आणि सेक्शन सुचवताही येतो. ईआरसीत पॅनेल तुम्हीच निवडता.